बिनताकाची आंबील

माझ्या हातचं रोज पंधरा-वीस पोरं जेवतात. डॉक्टर, इंजिनियर व्हायचं म्हणून लातूरला शिकवण्यांना आलेली ही पोरं आमच्याच गल्लीत खोल्या करून राहतात आणि दोन वेळा माझ्याकडून डबा नेतात. कुणी उमरीचा, कुणी लोह्याचा, कुणी पार देगलूरचा. भाकरी, डाळकांदा, भरली वांगी, शेंगाची चटणी, थंडीत हरभऱ्याची सुकी भाजी. डबे परत येतात ते नुसते रिकामे नाही, चाटूनपुसून येतात. "काकू, घरच्यासारखं लागतं," म्हणतात. आणि माझी सख्खी नात माझ्याच घरात, माझ्याच शेजारी बसून, तिच्या आईनं नांदेडहून आणलेल्या डब्यातला गार भात खाते. आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

तशी चूक कुणाचीच नाही. चार वर्षांच्या त्या पोरीला दूध चालत नाही. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. नुसतं पोट दुखलं असतं तर ओवा देऊन निभावलं असतं. पण नांदेडला एका लग्नात कुणा मायाळू बाईनं "घे गं बाळा" म्हणून बासुंदीचा चमचा तिच्या तोंडात घातला, आणि बघता बघता पोरीचे ओठ सुजले, श्वास लागला. मंडपातून तिला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगी वाचली, पण माझी लेक त्या दिवसापासून बदलली. कुठंही निघाली की एका खांद्यावर डब्याची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर औषधाची. चारचौघांत गेली की स्वतः घासभरही खायची नाही. पोरीच्या हातांकडं आणि दुसऱ्यांच्या हातांकडं टक लावून उभी राहायची. माझी ही लेक लहानपणी जेवता जेवता ताटावर झोपणारी, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

आणि आवंदा येळवशीच्या आधी तिचा फोन आला. "मम्मी, रागावू नको. आम्ही येळवशीला येत नाही."

येळवस म्हणजे आमच्या लातूरकडची मार्गशीर्षातली अमावस्या. दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल, पण येळवस चुकवून चालत नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. रानात कडब्याची कोप उभारायची, म्हणजे लहानशी खोपच. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा करायची, रानाला आंबील शिंपायची, आणि मग झाडाखाली पंगत. त्या पंगतीत जे असतं ते सगळं रानातलंच. ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, चुका असं सगळं एकत्र शिजवून डाळीचं पीठ लावलेली भज्जी. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि सगळ्यात मानाची ती आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवलेली, लसूण-मिरची लावलेली. ताकात! तिथंच सगळं अडलं होतं.

मला आधी राग आला. म्हटलं, "का गं, आम्ही काय वैरी आहोत का तिचे?" ती हळूच म्हणाली, "मम्मी, तिथं शंभर हात असतात. मी कुणाकुणाकडं बघू?" तिचा आवाज असा थकलेला होता की माझा राग जागच्या जागी विरघळला. आणि मग, माझा स्वभाव तो असा, मी बोलून बसले. "तू ये. आपल्या कोपीत आवंदा ताकाचा थेंब येणार नाही. जिम्मा माझा."

फोन ठेवला आणि मग कळलं, आपण काय बोलून बसलो. कारण आमच्या घरात आंबिलीचा मान माझा नव्हताच. तो माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा. ऐंशी गाठली तरी येळवशीची आंबील त्याच घालणार. मी डबे करते, गल्ली माझं नाव घेते, पण आंबिलीच्या बिंदगीला हात लावायचा म्हटलं तर विचारून लावायचा. बिंदगी म्हणजे ती मातीची घागर, चुना-कावेनं रंगवलेली.

मी सरळच सांगितलं. म्हटलं, "आत्याबाई, आवंदा आंबील बिनताकाची करायची. पोरीसाठी."

त्यांनी हातातली पोथी मिटली. "लक्षुमीला बिनताकाची आंबील? रानाला नळाचं पाणी पाजायलीस का काय?"

"पोर दवाखान्यात जाती त्यानं."

"मंग पोरीला न्हाई द्यायची. तिला दुसरं दे. आंबील आंबीलसारखी करायची."

"म्हणजे पुन्हा तिनं एकटीनं डब्यातलं खायचं!" माझा आवाज चढला. आमचे हे तेवढ्यात दुकानातून जेवायला आले होते, ते चप्पल न काढताच उंबऱ्यावरून मागं फिरले. बायकांच्या भांडणात पडायचं नाही ही अक्कल त्यांना पहिल्यापासून आहे. आत्याबाई उठल्या, खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "कर तुझ्या मनानं. मी रानात येत न्हाई."

बरं, म्हटलं, नका येऊ. आणि कामाला लागले.

खरं सांगते, बाकीचं जेवण बिनदुधाचं करायला काहीच लागलं नाही, याचंच मला नवल वाटलं. मी आपली मोठ्या लढाईला निघाल्यासारखी कंबर कसून बसले, आणि भज्जीत बघावं तर दुधाचा पत्ताच नाही. उंड्यात नाही. ठेच्यात नाही. तिळाच्या पोळीला वरून तूप लागतं, तिथं करडईचं तेल लावलं. खिरीत दूध घालायचं, तिथं भिजवलेले शेंगदाणे वाटून गाळून त्याचं पांढरंशुभ्र पाणी घातलं. गुळाच्या खिरीला ते असं मिळून आलं की मी कढईपाशीच दोन वाट्या संपवल्या. आपण मराठवाड्यातली माणसं, वर्षातले किती दिवस आपल्या ताटात दूध-तूप पडतं? भाकरी, चटणी, कोरड्यास, घोळाची भाजी, अंबाडी. जन्मभर हेच खात आलो आणि त्याला काही नाव असतं हे माहीत नव्हतं. डब्याच्या पोरांतला एक मला म्हणाला, "काकू, याला व्हिगन म्हणतात. मोठ्या शहरात लई महाग मिळतं." म्हटलं, मग मी इतकी वर्षं फुकटच वाढायले की!

पण आंबील? ती काही केल्या होईना.

ताकाशिवाय आंबवायची कशी, ते मला माहेरी बघितलेलं आठवत होतं. माझं माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या शिवेवर. तिथं आई ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून ठेवायची, ते आपोआप आंबायचं, मग त्या आंबट पाण्याला उकळी आणून त्यात पीठ हटवायची, म्हणजे ढवळत ढवळत शिजवायची. उन्हाळ्यात आम्ही तेच पिऊन शाळेत जायचो. पण आई करायची उन्हाळ्यात. इथं मार्गशीर्षातली थंडी. मी पीठ कालवून ठेवलं, दोन दिवस वाट बघितली, झाकण काढलं तर पीठ खाली, पाणी वर, आणि आंबटपणाचा नावाला वास नाही. दुसऱ्या खेपेला गरम पाणी घेतलं तर असा घाण वास सुटला की कामवाली म्हणाली, "बाई, उंदीर मेलाय का बघा." पातेलं मागच्या दारी नेऊन ओतलं आणि तिथंच पायरीवर बसून मला रडू आलं. माझ्या हाताला यश आहे असं मी समजत होते. लेक दोन दिवसांनी यायची होती आणि माझ्याकडं शब्दाशिवाय काही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला कोमट पाणी घेतलं, पीठ कालवलं, मडक्याला फडकं बांधलं, फडक्यावर जुनी गोधडी गुंडाळली, आणि ते सगळं गाठोडं शेगडीशेजारी ठेवून दिलं. डब्यांच्या भाकऱ्या तिथंच भाजायच्या, तेव्हा ऊब आयतीच. मडकं मात्र नवं. जुनी बिंदगी वर्षानुवर्षं ताक प्यायलेली, तिच्या मातीत काय मुरलंय कुणी सांगावं? कुंभाराकडून नवं मडकं आणि नवी बिंदगी आणली, ती मीच रंगवली. पळ्या, पातेली, परात, सगळं गरम पाण्यानं घासून काढलं. ताक घुसळायची रवी उचलून माळ्यावर टाकली. आत्याबाई खोलीच्या दारातून हे सगळं बघत होत्या. बोलत नव्हत्या. पण गोधडी सरकली की ती परत नीट कोण करतंय ते मला कळत नव्हतं, आणि कामाच्या धबडग्यात मी विचारही केला नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी गोधडी सोडली. फडकं काढलं. वर बारीक बारीक बुडबुडे, आणि असा स्वच्छ आंबट वास की माझ्या आईच्या चुलीपुढं बसल्यासारखं झालं. अगं माय! मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. उकळी आणली, पीठ हटवलं, निवल्यावर लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घातलं, मीठ घातलं, वरून कोथिंबीर. वाटी भरून आत्याबाईंच्या पुढं नेऊन ठेवली आणि परत आले. जरा वेळानं आतून आवाज आला.

"आंबट हाय."

मी वाट बघितली. पुढं काही येईना.

"आणखी हाय का न्हाई?"

एवढंच. पण सकाळी बघते तर त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या, काठी हातात, गाडीची वाट बघत.

लेक आदल्या संध्याकाळीच नांदेडहून एसटीनं आली होती. खांद्यावर औषधाची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर डब्याची, आणि हातात छोटा कुकर. कुकर! मी त्या कुकरकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. "मम्मी, असू दे ना," म्हणाली. मी गिळलं. गिळायची मला सवय नाही, पण गिळलं.

आमचं रान किल्लारीच्या अलीकडं. सकाळी जीपमध्ये सगळं लादलं, भज्जीचं पातेलं, उंड्यांची पाटी, आणि सगळ्यांच्या मध्ये आमचे हे बिंदगी मांडीत धरून बसले, नवरदेवानं नारळ धरावा तसे. रानात ऊन कोवळं होतं, हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी कमरेच्या वर. कोप आदल्या दिवशीच बांधलेली. पूजा झाली, आमच्या ह्यांनी रानाच्या चारी बाजूंनी आरोळ्या देत आंबील शिंपली, नात त्यांच्या मागं पळत होती आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. लेक तिच्या मागं. पूजा आटोपल्यावर आत्याबाई कोपीच्या तोंडाशी बिंदगीला टेकून बसल्या आणि तिथून हलल्याच नाहीत. मी म्हटलं, "सावलीत चला." "न्हाई." म्हटलं, "जेवायला तरी चला." "इथंच दे." मला वाटलं, राग अजून गेला नाही. बसू दे.

पान वाढायला घेतलं तेव्हा नात भज्जीच्या पातेल्याशी येऊन उभी राहिली. "आज्जी, हे मला चालतं?" चार वर्षांचं लेकरू, आणि खाण्याआधी हे विचारतं. मी म्हटलं, "चालतं." ती लगेच आईकडं वळली. लेकीनं पातेल्यात बघितलं, पळीकडं बघितलं, पोळीला लावलेल्या तेलाचा वास घेतला. "खिरीत काय आहे?" मी सांगितलं. "पळी कुठली?" तेही सांगितलं. मग तिनं मान हलवली, जेमतेम. तरी डब्याची पिशवी तिच्या खांद्यावरून उतरली नव्हती.

आणि तेवढ्यात बांधावरून शेजारच्या रानातली काकू येताना दिसली. डोक्यावर बिंदगी.

सगळं केलं होतं मी, भांडी घासली, रवी माळ्यावर टाकली, मडकं नवं आणलं, आणि नेमकी हीच गोष्ट विसरले होते! आमच्या शिवारात येळवशीला शेजारी एकमेकांच्या बिंदगीत आंबील ओततात. आपली पळीभर त्यांच्यात, त्यांची पळीभर आपल्यात. मग बांधाचं भांडण असलं तरी त्या दिवसापुरतं मिटलं असं समजायचं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. नाही म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या काकूच्या आंबिलीत तिच्या म्हशीचं ताक असणार, दाट, पिवळसर. माझे दोन्ही हात भज्जीनं भरलेले, मी उठेपर्यंत तिनं कोपीपाशी बसून पळी उचललीसुद्धा. नातीच्या हातात रिकामा पेला, बिंदगीशेजारी उभी. लेक पळत सुटली.

आत्याबाईंनी बिंदगीच्या तोंडावर हात ठेवला.

पूर्ण पंजा, पसरून. ऐंशी वर्षांची म्हातारी, शिवारात रीतभात चुकली म्हणून इतरांना चार शब्द सुनावणारी. काकूची पळी हवेतच राहिली. तिचा चेहरा उतरला. "काय झालं मावशी? आमची चालत न्हाई का आता?"

"तुझी मला चालती," आत्याबाई म्हणाल्या. आणि पदराखालून स्वतःचा पितळी पेला काढून पुढं केला. "हितं वत. तुझी आंबील मी माझ्या पोटात घेते. बिंदगीत न्हाई. ह्या लेकराला ताक सोसत न्हाई, ही तिची बिंदगी हाय."

काकूनं एकदा नातीकडं बघितलं, एकदा पेल्याकडं, आणि पेला काठोकाठ भरला. आत्याबाईंनी तो तिथंच, सगळ्यांसमोर, एका दमात रिकामा केला. मिशा उमटल्या ओठावर. मग आमच्या बिंदगीतली आंबील काकूला दिली. तिनं घोट घेतला, भुवया वर गेल्या. "आगं बाई, ताक न्हाई ह्यात? मंग आंबट कशी?" आत्याबाई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तिला विचार. आमची सून हाय ती." आणि हात पदराला पुसून पुन्हा बिंदगीला टेकून बसल्या. तेव्हा मला कळलं, म्हातारी सकाळपासून रागानं बसली नव्हती. पहाऱ्यावर बसली होती. पलीकडच्या रानातून आणखी दोघी आल्या, त्यांचंही तेच झालं. तिघींची आंबील एकटीच्या पोटात. गोधडी कोण सारखी करत होतं तेही आता विचारायची गरज राहिली नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच बांधावर बसले, भज्जीचे हात तसेच घेऊन, आणि मला हसू आलं का रडू, मला सांगता येणार नाही. आमचे हे म्हणाले, "काय झालं गं?" म्हटलं, "तुम्ही जेवा गपगुमान."

नातीनं पेला पुढं केला. आत्याबाईंनी बिंदगीतून भरून दिला. पोर प्यायली, तिखटानं नाक ओढलं, आणि पुन्हा पेला पुढं केला. मग माझ्या पानावर बसून दोन्ही हातांनी भज्जी खाल्ली, उंडा कुस्करून कुस्करून, कोपरापर्यंत माखून. दुसऱ्या पोरांच्या पानातही हात घातला, आणि कुणी तिला ओढून घेतलं नाही, कारण सगळ्यांच्या पानात एकच होतं.

या गडबडीत लेक कुठं गेली ते मी बघितलं नाही. बघते तर लिंबाखालच्या गोधडीवर ती आडवी झालेली. मला वाटलं पडलीय जराशी. जवळ गेले तर गाढ झोपलेली, तोंड उघडं, लहानपणी ताटावर झोपायची तशी. डब्याची पिशवी उशाला, बंदच्या बंद. मी पुढं झाले तर आत्याबाईंनी काठी उचलून मला थांबवलं. कुणी उठवलं नाही तिला. पोरं आरडाओरडा करत तिच्या अंगावरून गेली तरी ती हलली नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा ती दचकून उठून बसली. चेहऱ्यावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. पिशवी चाचपली, ती बंदच होती, आणि तिचा रंग उडाला. "मम्मी! कुठंय ती? काय खाल्लं तिनं?"

मी बोलायच्या आधी आत्याबाईच बोलल्या. "आम्ही खाल्लं तेच."

लेकीनं लांब बघितलं. पोर हरभऱ्यात घाटे तोडत बसली होती, धडधाकट, तोंड हिरवं झालेलं. मग खांद्यावरची औषधाची पिशवी काढून तिनं गोधडीवर ठेवली, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मम्मी, मला वाढ ना. लई भूक लागलीय."